खालच्या ओळीवरचा तीन

१४ ऑक्टोबर

…आणि तिथेच पुन्हा अडलं. तर्जनी तिसऱ्या पडद्यावर आडवी टाकली, वाद्याच्या मानेमागून अंगठा दाबला, उजव्या हाताने सगळ्या तारा एकदम छेडल्या. चार वाजल्या. दोन नुसत्या खडखडल्या. परत टाकली. परत तेच. तिओर्बा मांडीवरून उतरवून भिंतीला टेकवला आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

नीवेसने स्वयंपाकघरातून विचारलं, हाताला काही झालंय का. मी म्हटलं, तार जुनी झाली. तार गेल्या आठवड्यातच बदलली आहे, पण बायकोला दर वेळी सगळं समजावत बसायला नको वाटतं.

जागा अशी: साधू सिल्वेरिओच्या जुन्या हस्तलिखितातली सातवी रचना, म्हणजे सातवी तोक्काता, दुसरं पान. सहा ओळी म्हणजे सहा तारा, ओळीवरचा आकडा म्हणजे पडदा, आणि आपल्याकडच्या लिखाणात सगळ्यात खालची ओळ म्हणजे पहिली तार. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगण्यात माझं आयुष्य गेलं. इथे वरून खाली आकड्यांची एक उतरंड आहे: ५, ५, ३, ३, ३, ३. सहाही तारा एकदम. तशी वाजवली तर कोमल सी, दो आणि रे हे शेजारशेजारचे स्वर एकमेकांना लागून येतात आणि नुसते घासतात. आणि लगेच पुढे, त्याच खालच्या ओळीवर, एक एकटाच '१'. त्याचा मागच्याशी संबंध लागत नाही, पुढच्याशीही नाही.

दुपारी उलगडलं. नकलनवीस '३' काढत खाली येत होता, त्याचा हात थांबला नाही. शेवटचे दोन '३' चुकून आले आहेत. ते काढले की कॉर्ड सहज वाजते. मागाहून आलेला '१' हा शाईचा चुकून पडलेला फराटा समजायचा.

माझा नियम जुनाच आहे. बोटांना विचारा, बोटं नाही म्हणाली तर नकलनवीस चुकला. पूर्वी विद्यार्थी माझा आवाज काढून हे वाक्य एकमेकांना ऐकवत. आता तेच वाक्य ते आपापल्या विद्यार्थ्यांना गंभीरपणे सांगतात.

छापायच्या पुस्तकासाठी तशी तळटीप लिहून टाकली.

१७ ऑक्टोबर

धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात. बाहेर धुकं इतकं की पलीकडचा फुटपाथ दिसत नव्हता. फादर एजिदिओंनी हस्तलिखित खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं आणि शेगडी स्वतःच्या पायाशी ओढून घेतली.

मला कमानी बघायच्या होत्या. सातव्या तोक्कातात एका आकड्यावरून पुढच्या तीन-चार आकड्यांवर बारीक कमानी टाकल्या आहेत. उजव्या हाताने एकदाच छेडायचं, पुढचे स्वर डाव्या हाताच्या बोटांनी तारेवर आपटून काढायचे, असा त्यांचा अर्थ. इतक्या लांब कमानी त्या काळात कोणी कशाला टाकेल? माझ्या मते त्या मागाहून कोणीतरी हौशी माणसाने काढल्या. शाई फिकट आहे. भिंग घेऊन बराच वेळ बघितलं. कधी फिकट वाटते, कधी नाही.

फादरना बोलावून विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पानाला जवळजवळ नाक लावलं.

"मास्तर, मी इथे बाप्तिस्म्याच्या वह्यांत म्हातारा झालो. शाई सगळ्यांचीच फिकट होते. बाळांची होते, बिशपांचीही होते."

"पण या कमानींची जास्त झाली आहे."

"तुम्ही म्हणता तर झाली असेल."

त्यांची संमती मिळाली म्हणायची. निघताना ओव्हरकोटाची बटणं लागेनात. फादर दार उघडं धरून उभे होते. म्हणाले, थंडी बाहेरच बरी होती, मास्तर, तिला आत कशाला बोलावताय.

२३ ऑक्टोबर

कॅथीड्रलच्या वळणावर सायकलवरून पडलो. डावा ब्रेक लागलाच नाही. गुडघा सोलवटला, पँट गेली. फळवाल्या बाईने उठवलं आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की प्रोफेसर, सकाळी सकाळीच घेतलीत का.

२५ ऑक्टोबर

वाइनेरकडे सायकल नेली. त्याने चाक फिरवून ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. म्हणाला, ठणठणीत आहे, तुम्ही दाबून बघा. मी दाबला. म्हणाला, असा नाही, जोरात. मी म्हटलं, हा जोरातच आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, मग खाली बसून स्प्रिंग सैल केली. "आता तुमच्या मापाचा झाला." आणि काही घ्यायला तयार होईना.

नीवेसला सांगितलं की वाइनेर आता थकला, स्वतःचं काम त्याचं त्याला कळत नाही. ती माझा गुडघा पुसत होती.

९ नोव्हेंबर

काम वेगात चाललंय. पाचवी, सातवी आणि नववी झाली. दुरुस्त्या वाढताहेत. गंमत अशी की हा नकलनवीस ठरावीक ठिकाणीच चुकतो. जिथे तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायला लागतील तिथे त्याचे एखाद-दोन आकडे हमखास जास्त. एरवी अगदी काटेकोर माणूस. असा नकलनवीस मी आजवर पाहिला नाही. प्रस्तावनेत याच्यावर एक परिच्छेद टाकायला हवा.

थंडीचे हातमोजे कपाटातून काढले. डाव्यात अंगठ्याच्या मुळाशी जागा राहते. नीवेसने धुताना ताणला असणार.

२२ नोव्हेंबर, सांता चेचीलिया

वादकांच्या संतिणीचा दिवस, म्हणून दर वर्षीप्रमाणे ऑरेटरीच्या प्रार्थनागृहात कार्यक्रम. वाद्याची पेटी नीवेसने उचलली. माझं कोपर दुखतंय असं तिने परस्पर सगळ्यांना सांगून टाकलं. मी म्हटलं नव्हतं.

सातवी तोक्काता माझ्या पाठाप्रमाणे वाजवली. कमानी नाहीत, प्रत्येक स्वर सुटा छेडलेला, ती कॉर्ड चार तारांची. स्वच्छ झाली. थोडी कोरडी वाटली, पण साधूचं संगीत कोरडं असायला हरकत नाही. शेवटची दोन नृत्यं गाळली. कार्यक्रम लांबला असता.

ओरिएत्ता आली होती. मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला. माझ्या हाताखाली शिकलेल्यांत तीच खरी. आता लोक तिकीट काढून मला ऐकायला येतात त्यातले अर्धे तिचे मास्तर बघायला येतात. भेटायला आली, गालाला गाल लावला, म्हणाली, "सातवी वेगळीच झाली, मास्तर." मी वाट बघत राहिलो. ती मग नीवेसला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होती.

घरी येताना नीवेस म्हणाली, आज लवकर सुटलो.

२७ नोव्हेंबर

ओरिएत्ताचा फोन. फेब्रुवारीत ती सिल्वेरिओचं ध्वनिमुद्रण करते आहे. मायक्रोफिल्मवरून, जसं लिहिलंय तसं.

मी विचारलं, चुकांसकट? ती म्हणाली, तिला चुका सापडल्या नाहीत. मी म्हटलं, माझं पुस्तक येईपर्यंत थांब, मग सापडतील. ती म्हणाली, "मास्तर, एकदा येऊन वाजवून दाखवू का?" मी म्हटलं, इथे कोणी परीक्षा घ्यायला बसलेलं नाही. फोन ठेवल्यावर वाटलं की उगाच बोललो, पण परत लावला नाही.

जे समोर दिसेल ते वाजवायचं, हे टंकलेखकाचं काम झालं. वाचणं म्हणजे शंका घेणं. हे मी तिला शिकवलं होतं. तिच्या तबकड्या जगभर जातील आणि माझं पुस्तक ग्रंथालयांत राहील. लोक तिचं ऐकतील आणि म्हणतील की बेनास्सीचा, म्हणजे माझा, पाठ चुकीचा. निदान पुस्तक आधी यायला हवं. याच्यानंतर माझ्या हातून दुसरं होईल असं वाटत नाही. का वाटत नाही, सांगता येत नाही.

८ डिसेंबर

सणाचा दिवस. सकाळपासून नाताळच्या कापेल्लेत्तींना बसलो. नीवेस कणीक लाटून चौकोन कापते, मधे मांसाची गोळी ठेवते. मी ते दुमडून कडा अंगठ्याने आणि तर्जनीने चिमटतो. लग्न झाल्यापासून आमची हीच वाटणी.

दुपारी थोड्या रस्स्यात सोडून पाहिल्या. उघडल्या. मांस वेगळं, कणीक वेगळी, रस्सा गढूळ. मी म्हटलं, पीठ बरोबर नाही. नीवेसने झारा घेऊन एकेक बाहेर काढली आणि ताटलीत मांडली. काही मिटलेल्या होत्या. म्हणाली, "या माझ्या आहेत."

मग ती परसात दोरीवरचे कपडे आणायला गेली. कपडे काल वाळत घातलेच नव्हते.

१२ डिसेंबर

प्रुफं आली. सुरेख अक्षर. पंधराला पोस्टात पडली नाहीत तर पुस्तक पुढच्या शरदावर जाईल असं बोलोन्याच्या प्रकाशकाने कळवलं आहे.

आणि नीवेसने पंधरालाच इस्पितळात वेळ घेतली आहे. मला न विचारता. मी म्हटलं, बदल. ती म्हणाली, बदलणार नाही. एवढ्या वर्षांत तिने हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल आठवत नाही, बहुतेक नाहीच.

डाव्या दंडातलं मांस आपोआप हलतं. पाण्याखाली मासा वळावा तसं. बाही वर करून बघितलं तर थांबतं, मग दुसरीकडे सुरू होतं. कॉफी कमी करायला हवी.

१४ डिसेंबर

दुपारी दारावर ओरिएत्ता. नीवेसने तिला बोलावलं होतं. मला दोघींचाही राग आला, पण ती बर्फाच्या पावसातून आली होती आणि तिचे केस ओले होते. म्हटलं, ये.

आधी दोघी स्वयंपाकघरात. कॉफीला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. हळू बोलत होत्या. नाताळच्या भेटवस्तूंचं काहीतरी असेल.

मग ती माझ्या खुर्चीत बसली, माझा तिओर्बा घेतला, हात बगलेत धरून ऊब आणली. मी स्टँडवर प्रुफं ठेवली. तिने ती नीट जुळवून बाजूला ठेवली आणि पिशवीतून हस्तलिखिताचे फोटो काढले.

"प्रुफांत काय खोट आहे?"

"काही नाही. ते मी ऐकलंय, मास्तर. सांता चेचीलियाला."

ती सातवी तोक्काता वाजवायला लागली. कमानी जशा काढल्या आहेत तशाच. उजवा हात एकदा छेडायचा आणि थांबायचा, पुढचे स्वर डाव्या बोटांखालून निघायचे, आवाज हळूहळू कमी होत जायचा. श्वास सोडल्यासारखा. मी हे सुटे सुटे वाजवलं होतं. शाईचा विचार मनात आला आणि गेला.

मग ती उतरंड. तिने तर्जनी आडवी टाकली. सहाही तारा वाजल्या. कोमल सी, दो, रे, तिन्ही एकमेकांत चेपलेले. ऐकवत नव्हतं, आणि तिने घाई केली नाही. ते तसंच धरून ठेवलं. मग खालच्या ओळीवरचा तो एकटा '१'. पहिल्या तारेवरचा दो तिथून उतरला, कोमल सीवर आला आणि चेपलेलं सुटलं.

उतरायला आधी वर असावं लागतं. खालच्या ओळीवरचा '३' मी काढून टाकला होता, म्हणून '१' एकटा पडला होता. शिकाऊ मुलाच्या ध्यानात यावं इतकं हे सोपं आहे.

तिने तोक्काता शेवटपर्यंत वाजवली. नीवेस दारात उभी होती, हातात फडकं.

मी म्हटलं, वाजवता येतं म्हणून बरोबर ठरत नाही.

"तसं नाही ठरत," ओरिएत्ता म्हणाली. "पण तुम्हीच सांगितलंत, बोटांना विचारा. मी विचारलं, मास्तर. ती हो म्हणाली."

"आणि माझी नाही म्हणाली. मग माझी बोटं खोटं बोलतात?"

तिने नीवेसकडे बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही. मी म्हटलं, हात दाखव. तिने डावा हात टेबलावर ठेवला, मी माझा शेजारी ठेवला. अंगठा तर्जनीला दाबून धर म्हटलं. तिच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधे मांसाचा गोळा वर आला, घट्ट. माझ्या हातावर त्या जागी खळगा आहे. चमच्याने काढून घेतल्यासारखा. मी जितकं दाबलं तितकी तिथली कातडी आत गेली.

हात रोज डोळ्यांसमोर असतो. पानं वाचताना माझं लक्ष फक्त आकड्यांवर.

नीवेस म्हणाली, "मी सप्टेंबरपासून बघते आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं. तू म्हणालास, तार."

 मग ओरिएत्ता हातातलं वाद्य बाजूला ठेवत म्हणाली, "पेन्सिल आहे का घरात? का मास्तरांनी सगळ्या नकलनवीसावर झिजवल्या?" नीवेस हसली आणि लगेच फडकं डोळ्यांना लावलं.

तिघं टेबलाशी बसलो. ओरिएत्ता फोटोवरून आकडे वाचायची, मी काढून टाकलेले आकडे प्रुफांत कुठे परत घालायचे ते सांगायचो, नीवेस लिहायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. कमानीही परत घातल्या. एकेक तळटीप जात होती. प्रत्येक ठिकाणी मी का चुकलो ते मला वाचताक्षणीच कळत होतं, आणि प्रत्येक ठिकाणी कारण एकच होतं. नववी झाली तेव्हा ओरिएत्ता म्हणाली, आता थांबू का. मी म्हटलं, नाही.

नकलनवीसावरचा परिच्छेद मी स्वतः खोडला. उजवा हात उत्तम आहे. पेन दोनदा निसटलं, पण प्रुफांचा कागदच गुळगुळीत असतो.

निघताना ओरिएत्ता म्हणाली, फेब्रुवारीत मुद्रणाला यायचं, समोर बसायचं, नेहमीसारख्या कपाळाला आठ्या घालून. त्याशिवाय तिला वाजवता येत नाही म्हणे. मी येतो म्हटलं. जिन्यावर तिची पावलं जरा थांबली, मग खाली गेली.

नस दबली असणार. कोपर टेबलावर टेकून वाचायची सवय जुनी आहे. वाइनेरच्या भावाची अशीच दबली होती. डॉक्टरांनी छोटंसं कापून मोकळी केली. तो आता रविवारी बोच्चे खेळतो, लोखंडी गोळे फेकतो. वसंतापर्यंत हात आला तर सातवी तोक्काता परत बसवायची. या वेळी '३' ठेवून.

उद्या दोन्ही कामं एकाच वेळी आली आहेत. नीवेसला म्हटलं, तू आधी प्रुफं रजिस्टर करून टाक, मी इस्पितळात पुढे होतो. ती ऐकेना. शेवटी म्हटलं, दुसऱ्या कोणाच्या हातात ती मला द्यायची नाहीत. मग कबूल झाली.

१५ डिसेंबर

सकाळी धुकं. शर्टाची बटणं नीवेसने लावली आणि ती प्रुफं घेऊन पोस्टात गेली. मी सायकल काढली नाही, बसने गेलो. डॉक्टर तरुण आहेत. मी हात पुढे केला, पण त्यांनी आधी जीभ बाहेर काढायला सांगितली. मला हसू आलं. हाताच्या दुखण्यात जिभेचं काय काम. त्यांनी बॅटरी लावून ती बराच वेळ बघितली, दंडासारखी तीही आपोआप हलते का असं विचारलं. मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, बरोबर कोणी आलंय का. मी सांगितलं, बायको पोस्टात गेली आहे, येईल एवढ्यात. ते म्हणाले, मग आपण थांबू.